चुकला तर सांभाळणारं कुणीतरी

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' बघताना अम्मीला एखादा विनोद कळला नाही तरी तिचं काही अडत नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच असतं. एखादा कलाकार वाक्य विसरतो, किंवा हसू आवरेना म्हणून प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो, की इंदापूरच्या आमच्या घरात आवाज येतो, "चुकला बघ! आता काय करतो बघ." स्किटची गोष्ट काय होती हे विचारलं तर तिला सांगता येणार नाही. कोण अडकला आणि कुणी त्याला बाहेर काढलं, हे मात्र ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या खालाला हातवारे करून सांगते.

मला वाटतं, या कार्यक्रमांचं मर्म अम्मीला पुष्कळ समीक्षकांपेक्षा नेमकं कळलंय. या स्किटला संहिता असते, तालमी होतात. टीव्हीवाल्यांना चूक कापून टाकता येते. तरी ते ती ठेवतात, कारण लोक तिच्यासाठीच थांबलेले असतात. इंग्लंडमध्ये 1988 साली चॅनेल फोरवर 'हूज लाइन इज इट एनीवे' सुरू झालं, त्यात तर संहिताच नव्हती. प्रेक्षकांतून विषय घ्यायचा आणि चार जणांनी उभ्या उभ्या प्रवेश रचायचा. पुढे अमेरिकेतल्या आवृत्तीत सूत्रसंचालक गुण वाटायचा आणि गुणांना काही किंमत नाही हेही स्वतःच सांगायचा. म्हणजे हरायची भीतीच नाही.

आपल्याकडे हे सगळं टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे. तमाशातली बतावणी कागदावर नसायचीच. सरदार विचारणार, सोंगाड्या उलटं उत्तर देणार, आणि समोर ज्या गावची जत्रा असेल त्या गावचा पाटील, विहीर, रस्ता त्यात येणार. दादू इंदुरीकरांचं 'गाढवाचं लग्न' याच रीतीनं उभं राहिलं. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके त्या दिवसाची बातमी घुसडायचे, म्हणून एकाच माणसानं तोच प्रयोग पुन्हा पुन्हा पाहिला. नाटकवाले याला 'अ‍ॅडिशन घेणं' म्हणतात. अब्बा म्हणायचे, "सोंगाड्या हुशार असून भागत नाही, सरदार दिलदार लागतो." सोंगाड्यानं काहीही फेकलं तरी ते झेलायचं काम सरदाराचं. झेललं नाही तर तो विनोद जमिनीवर पडतो आणि सोंगाड्या एकटा पडतो.

झेलणं म्हणजे काय, हे मला जानेवारी 1999 मध्ये कळलं. बारामतीत शिकत होतो. गॅदरिंगला दुपारच्या सत्रात आमची गण-गौळण होती आणि मी पेंद्या. रमजान चालू होता. गौळणींची वाट अडवून झाली, लोणी काढलं, आणि कृष्ण झालेल्या मित्रानं ठरल्याप्रमाणे माझ्यापुढे गोळा धरला. मी तो तोंडाजवळ नेल्यासारखं करायचं होतं. घसा कोरडा पडला होता आणि पुढचं वाक्य डोक्यातून साफ गेलं. तोंडातून निघालं, "देवा, आज नको. माझा रोजा आहे."

क्षणभर सगळं गप्प. मग कृष्णानं गोळा मडक्यात परत टाकला आणि म्हणाला, "मग माझाही वाटा मगरिबपर्यंत झाकून ठेव. दोघं मिळून खाऊ."

मंडप हसला, टाळ्या पडल्या. अब्बा इंदापूरहून एसटीनं आले होते, मागच्या रांगेत उभे होते. परतीच्या गाडीत निमगाव केतकी येईपर्यंत ते तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. माझं नव्हे, कृष्णाचं.

स्टेजमागची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. एका सरांनी मला बाजूला घेतलं होतं. रागावले नव्हते, काळजीनंच बोलले. "छान झालं. पण पुढच्या वेळी लिहिलेलं तेवढंच बोल. दुसऱ्या कुणी म्हटलं तर चालून जातं." कृष्णाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. दोन्ही वाक्यं पदरचीच होती, पण सूचना एकालाच मिळाली. पुढच्या वर्षी मी स्टेजवर गेलो नाही, पडद्याची दोरी ओढायला उभा राहिलो.

सरांना आज मी दोष देत नाही. 1 जानेवारी 2021 ला इंदूरमध्ये मुनव्वर फारुकीला कार्यक्रमाच्या ठिकाणीच पकडलं आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन मिळाला तो 5 फेब्रुवारीला. त्या बातम्या वाचताना मला सर आठवत होते. उत्स्फूर्त बोलायला नुसती प्रतिभा पुरत नाही. घसरलो तर समोरचा हसून सांभाळून घेईल, असा भरवसा लागतो. तो सगळ्यांना सारखा वाटलेला नाही. ज्याला तो नसतो तो वाक्य आधी मनात तपासतो, मग बोलतो. तोवर विनोदाची वेळ निघून गेलेली असते. मुसलमानांना विनोदाचं अंग नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा बारामती-इंदापूर एसटीत आमच्या लोकांशेजारी बसावं. (तसंच, ऐन वेळी काही सुचलं नाही की टोपी घालून धेडगुजरी हिंदी बोलणारा 'चाचा' काढणाऱ्या कलाकारांनीही बसावं. लासुर्ण्याचा चाचा कसली मराठी बोलतो ते एकदा ऐका.)

म्हणून टीव्हीवर एखादा अडखळतो आणि शेजारचा त्याला अलगद उचलून घेतो, तेव्हा मीही अम्मीइतकाच हरखतो. थोडा हेवाही वाटतो.

यंदा भाच्याच्या शाळेत गॅदरिंग आहे. त्यानं बतावणी मागितली, मी लिहून दिली. दोन ठिकाणी मुद्दाम जागा मोकळी सोडली आणि कंसात लिहिलं, 'इथं तुला सुचेल ते.' परवा बहिणीचा फोन आला. "भाईजान, तिथं काय बोलायचं तेही लिहून दे ना. उगाच काहीतरी बोलून बसायचा."

मी अजून लिहून दिलेलं नाही. गॅदरिंगला आठ दिवस आहेत.