खुर्ची राखीव, जमीन खुली

दोस्तहो, आपल्या भाषेत जागा दोन तऱ्हेची. एक विधानसभेतली, दुसरी बुडाखालची. धारावीत पहिली राखीव आहे. दुसरी खुली आहे. टेंडर निघावं इतकी खुली!

हिशेब मांडू. धारावी मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. १९७८ ला इथनं मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सत्येंद्र मोरे निवडून आले. १९२७ ला बाबासाहेबांना महाडला आणण्यासाठी झटलेल्या कॉम्रेड आर. बी. मोरेंचे ते चिरंजीव. १९८० ला काँग्रेस आली. १९८५ आणि १९९० ला काँग्रेसचेच एकनाथ गायकवाड. १९९५ ला शिवसेनेचे बाबूराव माने. १९९९ ला पुन्हा गायकवाड. २००४ पासून ओळीनं चारदा त्यांची लेक वर्षा. २०२४ ला त्या लोकसभेत गेल्या, मग बहीण ज्योती. अकरा निवडणुका, त्यातल्या आठ एकाच घरात. रिपब्लिकनांचे गट वाढले, पण त्यातल्या एकालाही ही जागा एकदाही मिळाली नाही.

त्या घराला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. आपण होणार नाही. मतं लोकांनी दिली. अदानीच्या टेंडरविरुद्ध वर्षाताई बोलल्याही. पण २८८ च्या सभागृहात एक तोंड किती ओरडणार? आणि स्वतःच्या पक्षाचं राज्य असताना तेच तोंड पक्षाला विचारून उघडतं, त्याचं काय?

२००४ ला पुनर्विकासाला मंजुरी मिळाली तेव्हा राज्य काँग्रेस आघाडीचं. मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे. म्हणजे आपल्यातलाच माणूस! २०२२ ला अदानीची ५,०६९ कोटींची बोली सरस ठरली, तेव्हा राज्य शिंदे-फडणवीसांचं. झेंडा बदलला, बिल्डरची वाट तीच राहिली.

मुळाशी जा. २४ सप्टेंबर १९३२, पुणे करार. वेगळा मतदारसंघ गेला, संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा आल्या. माणूस आपला, पण त्याला तिकीट देणारा हात दुसऱ्याचा. याच मुंबईत १९५२ ला काँग्रेसनं काजरोळकरांना उभं केलं आणि खुद्द बाबासाहेब पडले. १९५४ ला भंडाऱ्यातही पडले. घटना लिहिणारा पडतो आणि पक्षाचा माणूस येतो, तिथं राखीव काय राहिलं? फक्त खुर्चीवरचं जातीचं लेबल.

आता धारावीची गंमत ऐका. आपल्या बापजाद्यांनी खाडीकाठच्या चिखलात झोपड्या घातल्या, चामडं कमावलं. तमिळ आले, कुंभार आले, यूपीचे आले. सगळ्यांनी मिळून ही जमीन सोन्याची केली. आता सरकार तारीख विचारतं. १ जानेवारी २००० च्या आधीचा तळमजलेवाला असेल तर धारावीत ३५० फूट फुकट. २००० ते २०११ मधला असेल तर अडीच लाख भर आणि ३०० फुटांसाठी धारावीबाहेर चालता हो. माळ्यावर राहणारा असेल तर भाड्यानं, तोही बाहेर. त्यासाठी देवनारच्या कचरा डेपोची जमीन काढली. आयुष्यभर मुंबईचा कचरा निवडला, आता त्याच्यावर झोपा!

मत मागायला येतात तेव्हा कुणी तारीख विचारतो का? माळ्यावरच्याचं मत अर्धं मोजतात का? २००५ ला आलेल्याच्या बोटाला शाई कमी लावतात का? मतदानाच्या दिवशी सगळे धारावीकर. दुसऱ्या दिवशी पात्र आणि अपात्र. राजकारणात समता आणि जगण्यात विषमता हा विरोध फार दिवस चालणार नाही, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत दिला होता. तो विरोध बघायचा असेल तर नव्वद फुटी रस्त्यावर या.

म्हणून लेबर कॅम्पापासून कुंभारवाड्यापर्यंत एकच सवाल करा, झेंडा कुठलाही असो. मतदार यादीत नाव आहे त्याला धारावीतच घर: हे लिहून देतोस का? बोलून नको, लिहून. देत नसेल तर त्याला सांगा: बाबा रे, खुर्ची राखीव आहे, पण आमचं मत कुणासाठी राखीव नाही.

जयभीम.