बॅकअप झाला, रिस्टोअरचे काय?

कार्यालयाच्या मेल सर्व्हरचा बॅकअप रोज रात्री होतो आणि सकाळी ‘यशस्वी’ असा अहवाल येतो. कधीतरी तोच बॅकअप चाचणीच्या मशीनवर रिस्टोअर करून, म्हणजे त्या प्रतीवरून डेटाबेस पुन्हा उभा करून, पाहिला जातो आणि तो माउंटच होत नाही, म्हणजे वापरासाठी उघडतच नाही. संशय लगेच बॅकअपवर जातो. पुष्कळदा तो निर्दोष असतो.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरचे उदाहरण घेऊ. त्यातल्या मेलबॉक्स ईडीबी प्रकारच्या मोठ्या डेटाबेस फाइलमध्ये असतात. आलेला मेल मात्र थेट तिथे लिहिला जात नाही. दुकानदार व्यवहार आधी कीर्दीत टिपतो आणि खतावणी सवडीने करतो, तसा सर्व्हर प्रत्येक बदल आधी ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये, म्हणजे व्यवहार-नोंदीच्या फाइलमध्ये, उतरवतो. एक फाइल भरली की पुढची सुरू होते. 2003च्या आवृत्तीत ती 5 एमबीची होती, 2007पासून 1 एमबीची आहे.

सर्व्हर चालू असतानाच बॅकअप घेतला जातो, त्यामुळे प्रतीत खतावणी अर्धवटच असणार. ईएसई-युटिल या साधनाने अशी फाइल तपासली की ‘डर्टी शटडाउन’ अशी अवस्था दिसते. नाव भीतीदायक असले तरी त्याचा अर्थ एवढाच की काही नोंदी चढवायच्या राहिल्या आहेत. त्याच तपासणीत ‘लॉग रिक्वायर्ड’ या ओळीवर कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचे लॉग हवेत तेही कळते. घाईत नेमकी हीच ओळ वाचायची राहून जाते. त्यांतला एक जरी लॉग हरवला असेल, तर नोंदी चढवण्याचे काम तिथेच थांबते.

2003च्या आवृत्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या एनटी-बॅकअप या साधनात आणखी एक खोच होती. रिस्टोअर करताना ‘लास्ट रिस्टोअर सेट’ या चौकटीत खूण केली नाही, तर लॉग चढवण्याची प्रक्रिया सुरूच होत नसे. डेटा पूर्ण, लॉग पूर्ण, तरी डेटाबेस बंद.

चाचणीच्या मशीनची म्हणूनही एक अडचण असते. सर्व्हरची रचना ईडीबी फाइलमध्ये नसते, ती अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी या नेटवर्कच्या मध्यवर्ती नोंदवहीत असते. त्या काळच्या आवृत्तीत वेगळ्या नेटवर्कवर रिस्टोअर करायचे, तर संस्थेचे, स्टोरेज ग्रुपचे (डेटाबेसच्या गटाचे) आणि डेटाबेसचे नाव मूळ सर्व्हरसारखेच लागे. चाचणीच आहे म्हणून संस्थेचे नाव ‘टेस्ट’ ठेवले की घोडे तिथेच अडले.

अशा वेळी ईएसई-युटिलच्या ‘रिपेअर’ या आज्ञेचा मोह होतो. ती डेटाबेस उघडून देते खरी, पण न चढलेल्या नोंदी सोडून देते आणि बिघडलेली पाने टाकून देते. काही मेल कायमचे जातात. मग चाचणी पार पडल्यासारखी दिसते, मात्र बॅकअप पुरेसा आहे का, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो.

हा प्रश्न वेळीच न विचारल्यास काय होते, ते गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत दिसले. 31 जानेवारी 2017 रोजी तिथला मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. पीजी-डंप या साधनाने घ्यायचे बॅकअप आवृत्ती जुळत नसल्याने होतच नव्हते, आणि ते फसल्याची सूचना देणारे मेल परस्पर नाकारले जात होते. कंपनी सावरली ती सुमारे सहा तास आधी स्टेजिंगसाठी, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरसाठी, घेतलेल्या प्रतीवरून. त्या सहा तासांचा डेटा गेलाच.

म्हणून चाचणीच्या मशीनवर फसलेले रिस्टोअर हे आमच्या मते नापासाचे लक्षण नव्हे. खरा मेल सर्व्हर धडधाकट असताना तो दोष सापडला आहे. व्यवस्थापनाने रोजच्या ‘यशस्वी’ अहवालावर समाधान मानू नये. शेवटचे रिस्टोअर कोणत्या तारखेला झाले, त्याला किती तास लागले आणि ते रिपेअरशिवाय उभे राहिले का, हे विचारावे. त्यासाठी लागणाऱ्या जादा मशीनची तरतूदही वार्षिक अंदाजपत्रकात करावी.