रेषा कोणाची, चौकट कोणाची?

शिवजयंती जवळ आली की नारायण पेठेच्या चौकाचौकांत महाराजांचे भव्य फलक उभे राहतात. रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी १८९५ साली ज्या ‘केसरी’ने महाराष्ट्र जागा केला, त्याचा वाडा याच पेठेत. म्हणूनच येथे हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे की, फलकावरील तो चेहरा नेमका कोणाचा?

प्रश्न उद्धट वाटेल. पण त्याला इतिहास आहे. एके काळी इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे सर्रास छापले जात होते. रेषा खानाच्या, नाव महाराजांचे! वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराकडील चित्र पुढे आणले, तेव्हा कुठे ही विटंबना थांबली.

परंतु अस्सल चित्रही डोळसपणेच पाहिले पाहिजे. व्हॅलेंटाइन पूर्वेकडे आला तो १६८५ साली, महाराजांच्या निर्वाणानंतर पाच वर्षांनी. त्याचा ग्रंथ १७२४ ते १७२६ या काळात हॉलंडमध्ये छापला गेला. म्हणजे खोदकाम करणाऱ्या कारागिरासमोर महाराज नव्हते; असलेच तर एखादे हिंदुस्थानी लघुचित्र होते. तांब्याच्या पत्र्यावर रंग नसतो. गालाचा उतार, दाढीची दाटी, वस्त्राची घडी हे सारे बारीक समांतर व आडव्यातिडव्या रेषांनीच सांगावे लागते आणि ती रेषा युरोपीय हाताच्या वळणाने जाते. शिवाय पत्र्यावर कोरलेले कागदावर उलटे उमटते. कोणत्या हातात काय आहे यावर हिरिरीने वाद घालणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

रेषेहून चौकट अधिक फसवी. त्या ग्रंथात महाराज येतात ते मोगल बादशहांच्या पंगतीत, पूर्वेकडच्या अनेक सत्ताधीशांपैकी एक म्हणून. व्यापारी कंपनीच्या जगाला तेवढेच दिसले. परकी सत्तांच्या गराड्यात १६७४ साली स्वतःचे सिंहासन व स्वतःचा शक निर्माण करणारा सार्वभौम छत्रपती त्या चौकटीत मावणारच नव्हता.

मग आपण कोणती चौकट दिली? सुरतेच्या इंग्रज वखारीतील पाद्री एस्कॅलियट १६६४ साली लिहितो की, हा पुरुष बोलताना स्मित करतो असे भासते आणि त्याची नजर तीक्ष्ण आहे. परक्याला, तेही सुरत लुटली जात असताना, जे स्मित जाणवले, ते आमच्या संगणकवीरांनी पुसून टाकले! भुवया आक्रसल्या, डोळ्यांत रक्त उतरवले, दंड फुगवले. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये असे बजावणाऱ्या राजाला केवळ संतापाची मूर्ती करणे ही कसली भक्ती?

पेठेतील मंडळांनी यंदा एवढेच करावे : मूळ चित्र न बिघडवता छापावे आणि ते कोठले, कोणत्या काळचे, याची एक ओळ खाली द्यावी. फलकाच्या तळाशी डझनभर पुढाऱ्यांच्या छबींना जागा सापडते. त्या एका ओळीला का सापडू नये?