दिसल्याशिवाय बार नाही

ज्यानं तुरीत रात्र काढली नाही त्यानं रानडुकरावर बोलू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मला ते पटत नाही. बोलावं, सगळ्यांनी बोलावं. रान माझ्या वावराला लागून असलं तरी ते एकट्या माझं नाही. फक्त बोलण्याआधी एवढं मान्य करावं, की आमच्या शिवारात शिकार बंद झालेली नाही. कायद्यात ती बंद आहे, रस्त्याकडेच्या फलकावर बंद आहे. शिवारात रोज रात्री चालू आहे, आणि पूर्वी होती त्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. तिचं आजचं नाव तार.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंधार पडला की धुऱ्याच्या कडेनं उघडी तार ओढतात आणि तिच्यात थेट वीज सोडतात. हे सौर कुंपणाचं झटका मशीन नव्हे. झटका मशीन क्षणभर हिसका देतं, जनावर दचकून मागं फिरतं. या तारेला अंग लागलं की कारभार आटोपला. तिला डोळे नाहीत. डुक्कर आलं तर डुक्कर, रोही आला तर रोही, शेजाऱ्याचा बैल सुटून आला तर बैल, आणि पहाटे ओलिताला निघालेला शेजारी आला तर शेजारी. उमरेड-करांडल्याच्या नावाजलेल्या ‘जय’ वाघाचा तरणा वारस ‘श्रीनिवास’ 2017 साली नागभीडकडच्या एका शेतात असाच गेला. पिकासाठी ओढलेली तार वाघाला लागली.

मी शिकार शिकलो ती बाबांकडून. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात पीक राखायच्या परवान्यावर त्यांच्याकडे एक भरमार बंदूक होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा मी विशीत होतो. त्या कायद्यात सुरुवातीला परवान्याच्या शिकारीला थोडी जागा होती, 1991 च्या दुरुस्तीनं ती गेली. आमच्या घरातली बंदूक त्याच्या कितीतरी आधी गेली. पण तिच्यापायी जे शिकलो ते डोक्यातून गेलं नाही.

बाबांचा पहिला नियम, आवाजावर बार टाकायचा नाही. “काय उभं हाय थे पाह्य, मंग चाप ओढ,” असं ते दर वेळी सांगत. ज्वारीत सळसळ झाली की हात शिवशिवतो. पण सळसळ डुकराची असते तशी बाजारातून उशिरा परतणाऱ्या माणसाचीही असते. दुसरा नियम, लेकुरवाळी मादी सोडायची. तिसरा, उन्हाळ्यात पाणवठ्यावर दबा धरायचा नाही, कारण तिथं आलेलं जनावर तहानेनं आलेलं असतं, आपल्या पिकावर आलेलं नसतं. चौथा, जखमी करून सोडायचं नाही. रक्ताचा माग काढता काढता रात्र गेली तर जाऊ द्यायची, नाहीतर तेच डुक्कर सकाळी गवत कापणाऱ्या बाईवर धावून जातं. आणि पाचवा, मांस विकायचं नाही. हाक्याला आलेल्या सगळ्यांचे वाटे पडत, आणि ज्याच्या वावराचं नुकसान झालं त्याचा वाटा आधी निघे.

जुन्या काळाचे गोडवे गायला मी हे सांगत नाही. जीपगाड्यांतून येऊन झगझगीत दिव्यात हरणं टिपणारे शौकीनही त्याच काळातले. माळावरची काळविटं विरळ झाली त्यात त्यांचा हात मोठा. कायदा अशांमुळं आला, आणि आला ते बरंच झालं. मला सांगायचं आहे ते वेगळंच. बार टाकणारा माणूस आपल्या गोळीला बांधील असतो. समोर काय आहे ते त्यानं पाहिलेलं असतं, आणि पुढचं निस्तरायलाही त्यालाच जावं लागतं. तार ओढणारा घरी झोपलेला असतो. बाबांच्या पाच नियमांपैकी एकही ती तार पाळत नाही. गाभण मादी, पिलू, पाण्याला निघालेलं तहानलेलं हरीण, तिला सगळं सारखंच.

मग माणसं तार का ओढतात? क्रौर्याची हौस म्हणून नव्हे. मिरगाच्या पावसावर भुईमूग टोबला की पाचव्या दिवशी सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. डुकरांनी तासच्या तास उकरून दाणा अन् दाणा वेचलेला असतो. तूर फुलोऱ्यात आली की रोही येतात. शेंडा खातात, फूल खातात, आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. रोही लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा एकाच जागी येतो. माझ्या वावराच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग आहे, म्हणजे वावर त्यांनी आपलंच धरलं आहे. त्याला कोणी नीलगाय म्हणायला लागलं आणि नावातल्या गायीपायी त्याच्याकडे बोट दाखवणंही पाप झालं. वास्तविक तो ना गाय ना घोडा, तो कुरंगाच्या जातीचा. आमच्या म्हाताऱ्यांनी त्याला रोहीच म्हटलं, आणि रोही म्हणताना त्यांच्या मनात ना भक्ती होती ना द्वेष.

आता शहाण्यांचे सल्ले ऐका. कुंपण घाला म्हणतात. घातलं. ज्यानं घातलं त्याचं वावर वाचलं, आणि तोच कळप शेजारच्या विधवा बाईच्या दोन एकरांत वळला, कारण तिच्याकडे कुंपणाला पैसे नव्हते. एकट्याचं कुंपण डुक्कर हाकलत नाही, ते फक्त गरिबाकडे पाठवतं. पीक बदला म्हणतात. बदललं. भुईमूग आमच्या शिवारातून उठला, ज्वारी उठली. त्यासोबत घरचं तेल गेलं, बैलाचा कडबा गेला, आणि आम्ही दुकानातलं तेल विकत घेणारे शेतकरी झालो. भरपाई घ्या म्हणतात. तिच्यासाठी अर्ज, सातबारा, पंचनामा, आणि नुकसान डुकराचंच आहे याचा पुरावा. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरताना जो खाडा पडतो त्याची भरपाई कोणी मोजत नाही. रात्रीच्या जागलीची तर नाहीच. तीस-तीस रात्री माळ्यावर बसलेल्या पोराचं शाळेतलं पेंगणं कुठल्या पंचनाम्यात लिहिणार?

आणि शेवटी येतं ते ठेवणीतलं वाक्य, की तुम्हीच जंगलात घुसलात. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण माझ्या पणजोबांनी वाहिलेलं वावर जंगलात घुसलं नाही. माळ वेड्या बाभळीनं भरला, नाल्यांत घाणेरी माजली, डुकरांना दिवसा लपायला जागा आणि रात्री खायला ओलिताचं पीक मिळालं. पोट भरलेली मादी एका वेळी चार-सहा पिलं सहज टाकते. संख्या वाढायला जंगल लागत नाही, नाला पुरतो.

आता कायद्याकडे पाहू. तो शेतकऱ्याचा शत्रू आहे, असं मी म्हणत नाही. त्याच्या 11 व्या कलमात दार आहे. अनुसूची दोनमधलं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झालं, तर अधिकारी लेखी कारण देऊन त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीक येतं, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे. रोही आणि रानडुक्कर त्याच अनुसूचीत आहेत. म्हणजे दार आहे. पण किल्ली कोणाच्या टेबलावर आहे हे शोधेपर्यंत हंगाम सरतो. सरळ दार उघडत नाही म्हणून माणसं रात्री मागच्या भिंतीवरून उड्या मारतात. त्या उडीचं नाव तार.

दार उघडलं तर सगळं जंगल रिकामं होईल, ही भीती मला ठाऊक आहे, आणि ती पोकळ नाही. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं उदाहरण घ्या. 1900 च्या सुमारास सबंध देशात ती पाच लाखांच्या आसपास उरली होती. संपवली कोणी? मांस आणि कातडं बाजारात विकणाऱ्यांनी. मग विक्री बंद झाली, हंगाम ठरला, कोणी किती मारायची हे ठरलं, राज्यं मोजदाद ठेवू लागली. 1937 च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या कामाला लावला. आज ती हरणं सुमारे तीन कोटी आहेत. इतकी, की जिथं लांडगे उरले नाहीत तिथं ती कोवळं रान वाढू देत नाहीत. तिथली रीत जशीच्या तशी इथं आणा, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे माणसांची दाटी आहे, आणि आपल्या रानात वाघ आहे, त्यालाही हेच डुक्कर आणि हाच रोही लागतो. पण एवढं त्यातून दिसतं, की प्राणी बंदुकीपेक्षा बेहिशेबानं संपतात.

म्हणूनच सरसकट ‘उपद्रवी’ ठरवून मारत सुटण्यालाही माझा विरोध आहे. 2016 साली बिहारात मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून जास्त रोही मारले. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचं जाहीर भांडण झालं, वर्तमानपत्रं भरली. ज्या गावात मारायचं तिथल्या माणसानं नेमकं कुठलं जनावर, कुठल्या वाटेनं, कधी येतं हे सांगायचं, आणि मारणाऱ्यानं तेवढंच मारायचं, याला शिकार म्हणतात. चार दिवसांत आकडा गाठण्याला मी शिकार म्हणत नाही.

आता थोडं आपल्या गावकऱ्यांशी. लांडगा कुठं गेला, सांगा बरं? डुकराची पिलं, हरणाची पाडसं तो खायचा. शेळी नेली म्हणून त्याच्यासाठी विष आपणच टाकलं, आणि त्याचा माळही आपणच मोडला. आता रात्रभर डबे वाजवत आपण लांडग्याचं काम करतो आहोत. आणि तार कोण ओढतं हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. माणूस मेला की सगळे मिळून ‘मोटरीचा शॉक लागला’ म्हणून लिहून देतात. मेलेला आपला, मारणारा आपला, म्हणून तोंड शिवतात. हे तोंड शिवणं थांबलं पाहिजे. तार ओढणाऱ्याला गावानं आधी समजावावं, नाही ऐकलं तर सरळ तक्रार करावी. सरकार दार उघडत नाही तोवर तार चालू द्या, हा युक्तिवाद मी ऐकून घेणार नाही, कारण त्या तारेवर उद्या कोणाचं पोर जाईल हे तारेला माहीत नसतं.

आणि सरकारकडे मागणं एवढंच. तालुक्यातालुक्यात नुकसानीची आणि जनावरांची नोंद ठेवा. अर्ज आला की हंगाम सरायच्या आत हो किंवा नाही लेखी द्या, आणि नाही म्हणालात तर कारण द्या. हो म्हणालात तर शिकवून तयार केलेला माणूस द्या, त्याला जागा आणि संख्या ठरवून द्या, आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब घ्या. कुंपण एकेकट्याला न देता सबंध शिवाराला द्या. भरपाई पुढच्या पेरणीच्या आधी हातात पडू द्या.

जनावराची दया येणं चांगलंच. माझ्या बाबांनाही ती होती, म्हणून तर ते जखमी डुकराच्या मागं रात्रभर फिरले. पण दयेलाही डोळे लागतात. शहरातल्या दयेला तुरीतला माणूस दिसत नाही, आणि गावातल्या रागाला तारेपलीकडचं कोण ते दिसत नाही. समोर काय उभं आहे हे पाहायची तयारी नसेल, तर दोघांनीही चापावरचं बोट काढावं.