शिट्टी वाजवा, मोबाइल खिशात ठेवा

२६ एप्रिल २०१९, शुक्रवार. तारीख ऐकून काही आठवलं? नसेल, तर सिनेमाचं नाव सांगतो : ‘अव्हेंजर्स : एंडगेम’. आता आठवलं असेल. कुठल्या थिएटरला होतात, कुणाबरोबर होतात, कदाचित कुठल्या रांगेत बसला होतात तेही.

मी ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये होतो. सकाळचा पहिला शो. एसवायची परीक्षा जेमतेम आठवड्यावर आलेली आणि घरी ‘लायब्ररीत चाललोय’ अशी थाप मारून निघालेलो. तिकिटं माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने काढली होती. बुकिंग सुरू झालं तेव्हा तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाइल धरून बसला होता म्हणे. माझ्या एका बाजूला दादा आणि दुसऱ्या बाजूला चाळिशीतले एक काका. मांडीवर ऑफिसची बॅग, म्हणजे थाप मारून आलेले तेही! इंटरव्हलपर्यंत खुर्चीच्या हातावर कोपर कुणाचं, यावरून आमचं मुकं भांडण चालू होतं.

दोन तास उलटून गेले होते. थॉर जमिनीवर पडलेला. थॅनॉस त्याचीच कुऱ्हाड त्याच्या छातीत रुतवतोय. मागे पडलेला हातोडा हलतो. वर उचलला जातो. सुसाट येऊन थॅनॉसला लागतो आणि मागे फिरतो. तो ज्याच्या हातात जाऊन बसतो, तो कॅप्टन अमेरिका असतो.

पुढच्या अर्ध्या मिनिटात पडद्यावर काय झालं ते मला त्या दिवशी कळलंच नाही. अख्खा हॉल उभा. शिट्ट्या, टाळ्या, पॉपकॉर्न, कुणाची तरी टोपी हवेत. काकांनी माझा खांदा गच्च धरला आणि ओरडले, ‘अरे मी बोललो होतो! मी तेव्हाच बोललो होतो!’ कुणाला बोलले होते कोण जाणे. पण मला त्यांचं शंभर टक्के पटलं, कारण मी पण बोललो होतो. त्या वेळी थॉर जे काही म्हणतो, ते वाक्य मी काही महिन्यांनी घरी टीव्हीवर पहिल्यांदा नीट ऐकलं. तो पण तेच म्हणतो : मला माहीत होतं!

भिशी लागली!

या कल्ल्यावर नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. ‘हॉलिवूडच्या सिनेमाला शिट्ट्या? शिकलेली मुलं ना तुम्ही?’ हे वाक्य तुमच्याही घरी कुणीतरी टाकलं असेल. त्यामागे एक समज असतो, की इंग्रजी सिनेमा बघताना गोरे लोक गप्प बसतात आणि आपणच काय ते गावंढळ. यूट्यूबवर जा. ‘एंडगेम’च्या पहिल्या शोचे अमेरिकेतल्या थिएटरांमधले आवाज ऐका. तोच सीन, तीच किंकाळी. भाषा कळत नाही, कारण त्या क्षणी कुणी भाषेत बोलतच नाही.

आणि आपल्याला तर हे कुणी शिकवायलाच नको. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला, तेव्हा लोक चपला बाहेर काढून थिएटरात जात आणि पडद्यावर नाणी उधळत. माटुंग्याच्या अरोरा टॉकीजला रजनीकांतच्या पहिल्या शोला काय राडा असायचा, हे मुंबईकरांना विचारा. दादा कोंडकेंच्या सिनेमाला पिटातून येणाऱ्या शिट्ट्यांचे किस्से तुमच्या आजोबांकडे असतील. आणि २०१६ मध्ये ‘सैराट’ला ‘झिंगाट’ लागल्यावर खुर्च्या सोडून नाचलेले तर तुमच्यापैकीच कुणीतरी असणार. मग सुपरहिरोला शिट्टी मारली तर बिघडलं काय?

पण मला यातलं आणखी एक भारी वाटतं. ही शिट्टी फुकट मिळत नाही. हातोड्याचाच सीन घ्या. २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये एक पार्टी आहे. थॉरचा हातोडा टेबलावर आहे आणि जो तो उचलून बघतोय. कुणाला जमत नाही. कॅप जोर लावतो तेव्हा तो जरासा, अगदी केसभर हलतो आणि थॉरच्या चेहऱ्यावरचं हसू जातं. बस्स, एवढंच. तो सीन आला आणि गेला. त्यावर चार वर्षं आपण वाद घातले. कॅपला तो उचलता येत होता आणि त्याने मुद्दाम सोडला? की अजून त्याची लायकी पूर्ण झाली नव्हती? कॉलेजच्या कट्ट्यावर, ट्रेनमध्ये, वर्गात शेवटच्या बाकावर. मग २०१८ चा ‘इन्फिनिटी वॉर’. थॅनॉसची चुटकी, धुळीत मिळणारे हिरो आणि थिएटरमधून मुकाट बाहेर पडणारी आपण सगळी पोरं. नंतर एक वर्षाची वाट.

२००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून मोजलं तर ‘एंडगेम’ हा बाविसावा सिनेमा. अकरा वर्षं भरलेली भिशी होती ती, आणि त्या सकाळी सगळ्यांना एकदम लागली. काका ओरडले ते त्या एका शॉटसाठी नव्हे. अकरा वर्षं भरलेले हप्ते वसूल झाले म्हणून ओरडले. ज्याने आधीचं काही पाहिलं नव्हतं, तो माझ्या पुढच्या रांगेतला मुलगा गोंधळून ‘काय झालं, काय झालं?’ विचारत होता आणि त्याला समजावायला चारजण एकदम वळले. चौघेही अनोळखी!

हेडफोनमधलं थिएटर

मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली. दादा पुण्यात एका खोलीत अडकलेला, मी ठाण्यात. एका रात्री त्याने मला लिंक पाठवली. कुणीतरी पहिल्या शोला रेकॉर्ड केलेला थिएटरमधला आवाज. खाली लिहिलं होतं, ‘बघू नको. दिवे बंद कर, हेडफोन घाल आणि ऐक.’

मी ऐकलं. हातोड्यानंतरचा तो सीन होता. कॅप एकटाच उरलाय, ढाल अर्धी तुटलीय, समोर थॅनॉसची अख्खी फौज. आणि मग कानात सॅमचा आवाज, मागे उघडलेलं सोनेरी वर्तुळ आणि त्यातून सगळ्यात आधी बाहेर येणारा ब्लॅक पँथर. पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, पण हॉल श्वास रोखून बसलाय हे कळत होतं. मग एक-दोन आवाज. मग शंभर. मग नुसती लाट. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, रडलो. त्या दिवसांत चार माणसं एका ठिकाणी जमणं हाच गुन्हा होता आणि मी दोन-तीनशे अनोळखी लोकांना एकाच वेळी खूश होताना ऐकत होतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चॅडविक बोसमन गेला. तेव्हापासून ते पहिलं वर्तुळ उघडलं की त्या किंचाळ्या मला वेगळ्याच ऐकू येतात.

म्हणजे बघा, ज्याने तो आवाज रेकॉर्ड केला त्याचा मी ऋणी आहे. आणि तरीही आज मी तुम्हाला मोबाइल खिशात ठेवा म्हणतोय. कारण पुढची गोष्ट माझी आहे.

एक मिनिट चाळीस सेकंद

१६ डिसेंबर २०२१. ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’. अमेरिकेच्या एक दिवस आधी आपल्याकडे लागला होता. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातली थिएटरं ५० टक्के क्षमतेच्या अटीवर पुन्हा उघडली होती. जवळजवळ दोन वर्षांनी मी आणि दादा शेजारी-शेजारी बसलो होतो. जुने दोन्ही स्पायडर-मॅन येणार अशी कुजबुज कित्येक महिने चालू होती. तो सीन आला की हॉलचा आवाज रेकॉर्ड करायचा, स्टेटसला टाकायचा, आपला व्हिडिओ सगळ्यांच्या आधी फिरला पाहिजे, असं मी घरूनच ठरवून आलो होतो.

नेडने हात फिरवला, वर्तुळ उघडलं, लांब गल्लीत कुणीतरी लाल-निळ्या कपड्यातलं दिसलं. मी मोबाइल वर केला. अँड्र्यू गारफिल्डने मुखवटा काढला तो मी सहा इंचांच्या स्क्रीनवर पाहिला. फोकस गेलाय का, उजेड जास्त येतोय का, हे बघत बघत. मग टोबी मॅग्वायर आला. आपण दुसरी-तिसरीत असताना ज्याच्यासारखं भिंतीवर चढायला जाऊन गुडघे फोडून घेतले, तो टोबी. शेजारी दादा उडाला. त्याचा धक्का माझ्या हाताला लागला.

तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. एक मिनिट चाळीस सेकंदांचा. पडदा धड दिसत नाही. हॉलचा आवाज फाटलाय. आणि त्या सगळ्या कल्ल्यात एकच वाक्य स्वच्छ ऐकू येतं, ते माझं आहे : ‘दादा, हलवू नको ना यार!’

दादा खाली बसला. नंतरच्या अख्ख्या सिनेमात तो एकदाही उठला नाही. बाहेर पडताना फक्त विचारलं, ‘आला का नीट व्हिडिओ?’

स्टेटसला एकशे बावीस व्ह्यूज आले. दुसऱ्या दिवशी स्टेटस गेलं.

तुमची नजर कुठे होती?

आता मी कुणाला शहाणपण शिकवायच्या लायकीचा नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. पण तेव्हापासून थिएटरमध्ये आजूबाजूला बघतो आणि माझ्यासारखे खूप दिसतात. मोठा सीन यायच्या आधीच चाळीस-पन्नास स्क्रीन उजळतात. हात वर असल्यामुळे टाळ्या वाजत नाहीत. सगळे रेकॉर्ड करायला थांबलेले असतील, तर ओरडणार कोण? रेकॉर्ड तरी काय होणार?

याच्याही पुढची पायरी अमेरिकेत २०२५ मध्ये दिसली. ‘माइनक्राफ्ट’च्या सिनेमात एक सीन मीम म्हणून इतका फिरला, की पोरं फक्त त्या सीनला धिंगाणा घालायला जाऊ लागली. पॉपकॉर्नचा पाऊस, पेयं उडवणं, एकाने तर जिवंत कोंबडी आणली! थिएटरवाल्यांना सूचना लावाव्या लागल्या. आपल्याकडे २०२३ च्या दिवाळीत मालेगावला ‘टायगर ३’च्या शोमध्ये प्रेक्षकांनी आतच फटाके फोडले. बंद हॉल, अंधार, लोकांनी भरलेल्या खुर्च्या. सलमान खानला स्वतः सांगावं लागलं की असं करू नका. याला मी प्रेम म्हणणार नाही. शेजारच्याला जीव मुठीत धरून पळावं लागलं, तर तो तुमच्या आनंदात कसा सामील होणार?

‘पण आम्हाला शांतपणे सिनेमा बघायचाय’ म्हणणाऱ्यांचंही खरं आहे. त्यांनीही तेवढेच पैसे मोजलेत. माझं म्हणणं सोपं आहे. पहिल्या दिवसाचा पहिला शो हा जत्रेचा शो. तिथे शिट्टी वाजणारच, हे धरून तिकीट काढा. मंगळवारी दुपारी गेलात तर जत्रा करू नका. आणि कल्ला क्षणाचा असतो, तो क्षणाबरोबर संपू द्या. पुढचं वाक्य लोकांना ऐकू येऊ द्या.

राहिला मोबाइल. पडद्याचं शूटिंग करणं हा गुन्हा आहे, हे एव्हाना माहीत असायला हवं. २०२३ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार थिएटरमध्ये चोरून रेकॉर्डिंग केल्यास तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण मी तुम्हाला कायद्याची भीती घालत नाही. मला वाटणारी भीती वेगळी आहे. तुम्हीही कधीतरी तुमचा व्हिडिओ लावाल आणि त्यात शेजारच्याला गप्प करणारा तुमचाच आवाज ऐकाल.

एंडगेमचा माझ्याकडे एकही फोटो नाही. तरी त्या काकांचा खांद्यावरचा हात अजून आठवतो. त्यांचं नाव मला माहीत नाही. रस्त्यात भेटले तर ओळखणारही नाही कदाचित. पण कुठे ‘मी बोललो होतो!’ ऐकलं, तर वळून नक्की बघेन.

पुढच्या ‘अव्हेंजर्स’साठी, म्हणजे ‘डूम्सडे’साठी डिसेंबर २०२६ ची तारीख जाहीर झाली आहे. दादा आता बंगळूरला असतो. मागच्या आठवड्यात मी त्याला फोन करून सांगितलं, ‘तिकिटं या वेळी मी काढतो. आणि मोबाइल बंद करून आत जाणार आहे.’

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘बरं झालं. म्हणजे मला उडी मारता येईल.’