रंग उडवा, पण बिलावर लिहा

आज रस्ते, पाणी, लोकल काहीच नाही. आज घड्याळ. पोस्ट लांबलीय, पण ज्यांच्या कपाटात वडिलांचं किंवा आजोबांचं घड्याळ पडून आहे त्यांनी तरी वाचा.

जुन्या घड्याळांचा शौक आपल्या उपनगरांत चांगलाच पसरलाय. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, कुठेही बघा. तिशीतली, बऱ्या नोकरीतली पोरं मनगटावर चावीचं नाहीतर जुनं ऑटोमॅटिक घड्याळ मिरवतात. चांगलं आहे. मोबाईल खिशात असताना माणूस घड्याळ घालतो तो वेळ बघायला नाहीच. या शौकातला एक प्रकार मात्र मला अलीकडे कळला आणि तो डोक्यातून जाईना. घड्याळाच्या काचेभोवती आकड्यांची रंगीत गोल पट्टी असते ना, बेझल म्हणतात तिला, ती मुद्दाम ब्लीचमध्ये बुडवून जुनी करतात. चांगला लाल-निळा रंग उडवायचा, फिका करायचा आणि घड्याळ जास्त पैशाला विकायचं. आपल्या आईने ऐकलं तर म्हणेल, वेड लागलंय का!

वेड नाहीये, त्याला हिशेब आहे. १९५०च्या दशकात रोलेक्सने पॅन अॅम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी एक घड्याळ काढलं, जीएमटी मास्टर. बेझलवर चोवीस तासांचे आकडे, दिवसाची बाजू लाल आणि रात्रीची निळी. सुरुवातीला ही पट्टी बेकेलाइटची होती, ती तडकायची, म्हणून पुढे अॅल्युमिनियमची आली. अॅल्युमिनियमवर रंग बसवायची एक पद्धत आहे. धातूवर विजेने ऑक्साइडचा थर चढवतात, त्या थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यांत रंग मुरवतात आणि मग ती छिद्रं बंद करतात. रंग पक्का दिसतो, पण वर्षानुवर्षांच्या उन्हापुढे टिकत नाही. लाल गुलाबी पडतो, निळा आकाशी किंवा राखाडी होतो, काळा धुरकटतो. प्रत्येक घड्याळ वेगळं उडतं, कारण प्रत्येक मालकाचं आयुष्य वेगळं. एक पंचवीस वर्षं बोटीवर नोकरीला, दुसरा बँकेच्या काउंटरमागे. हे जे वेगळेपण आहे त्याचेच शौकीन पैसे मोजतात.

आता रोलेक्स सिरॅमिकची पट्टी लावते. तिचा रंग नातवाच्या हातातही तसाच राहील. म्हणजे उन्हाने खरंखुरं उडालेलं बेझल ही आता संपत चाललेली वस्तू आहे. संपत चाललेल्या वस्तूचं काय होतं हे मुंबईकराला सांगायला नको.

रोलेक्स आपल्यापैकी किती जणांकडे असणार? पण सेइको आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांचे मामा-काका आखातात होते त्यांच्या घरी सेइको हमखास आलं. त्यातलं ६१३९ नावाचं एक मॉडेल, पिवळी डायल आणि लाल-निळं बेझल, अमेरिकेचे अंतराळवीर विल्यम पोग १९७३-७४ च्या स्कायलॅब मोहिमेत घालून गेले होते. तेव्हापासून त्या घड्याळाला पोगचंच नाव पडलंय. अशा घड्याळांच्या नव्या पट्ट्या सुट्या मिळतात, कोणीही मागवू शकतो. पन्नास वर्षांच्या घासलेल्या घड्याळावर ती नवी पट्टी बसवली की ते म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात पांढरीशुभ्र कवळी बसवल्यासारखं दिसतं. मग काय, पट्टी काढायची, पातळ केलेल्या ब्लीचमध्ये टाकायची, नजर ठेवायची, रंग हवा तेवढा उतरला की बाहेर काढून पाण्याखाली धरायची. जरा जास्त वेळ राहिली की रंग तर जातोच, अॅल्युमिनियमही खायला लागतं. कोणी ओव्हनमध्ये भाजतं, कोणी गच्चीवर उन्हात महिने ठेवतं.

यात मला काही पाप दिसत नाही. घड्याळ तुमचं, पट्टी तुमची, ब्लीच तुमचं. जोगेश्वरीला रिलीफ रोडवर ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे. तिथे खरंच जुन्या खुर्च्या-कपाटंही मिळतात आणि नव्या लाकडाला जुनी कळा आणलेलं सामानही मिळतं. 'अँटिक फिनिश' म्हणूनच विकलं जातं ते, गिऱ्हाईकही तेवढेच पैसे देतं. उल्हासनगरला नव्या जीन्स घासून धुऊन जुन्या केल्या जायच्या, त्याही कोणी 'आजोबांची पँट' म्हणून विकल्या नाहीत. (त्या धुलाईने वालधुनी नदीचं काय झालं हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधी.) घड्याळ कंपन्याच आता कोऱ्या घड्याळाच्या काट्यांवर मुद्दाम पिवळसर, चहाच्या डागासारखा रंग लावून देतात. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी फसत नाही.

गडबड होते ती गप्प राहण्यात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने बाहेरगावच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घड्याळ घेतलं. 'सगळं मूळ, एकाच मालकाचं, उन्हाने उडालेलं बेझल', असं वर्णन. पगाराच्या निम्मे पैसे गेले. कौतुकाने ते इथल्या स्टेशनबाहेरच्या एका घड्याळजींना दाखवायला घेऊन गेला. मीही सोबत होतो. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं, पट्टी नुसती नखाने उचलली आणि म्हणाले, "दादा, ऊन असं पडत नाही हो." पट्टीची जी बारीक कड धातूखाली दबलेली असते, जिथे पन्नास वर्षांत सूर्य पोहोचायचा काही संबंध नाही, तिथलाही रंग तेवढाच उडालेला होता. सगळीकडून सारखा, कढईत तळल्यासारखा. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर काय, "जुन्या मालात असं चालतं."

हे 'चालतं' आपल्या शहराला किती महाग पडलंय याची आपल्याला कल्पना नाही. जगभरच्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये एक शब्द रूढ आहे, 'मुंबई स्पेशल'. वडापाव नाही, भेळ नाही. मुंबई स्पेशल म्हणजे रंगरंगोटी केलेलं, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडलेलं भारतातून आलेलं घड्याळ. एचएमटी, सेइको, सिटिझन, फावर लुबा, काहीही. लोक एकमेकांना सावध करतात, मुंबईहून येतंय, सांभाळून घे. ज्या शहरात १८६५ पासून फावर लुबासारखी स्विस कंपनी घड्याळं विकत होती, त्या शहराच्या नावाची ही शिवी झालीय.

गंमत अशी, की आपला गुन्हा बरोब्बर उलटा आहे. तिकडे नव्याला जुनं करतात, आपण जुन्याला नवं केलं. पूर्वी आपल्याकडे डायल रंगवून घेणं ही साधी दुरुस्ती होती. मुंबईची दमट हवा, पावसाळ्यात काचेच्या आत धुकं धरायचं, डायलवर डाग पडायचे. घरात लग्न निघालं की माणूस घड्याळ घेऊन जायचा, "जरा नवं करून द्या." कारागीर जुना रंग उतरवायचा, नवा चढवायचा, नाव आणि आकडे पुन्हा छापायचा. बारीक हाताचं काम आहे ते, आणि त्यात लबाडी काहीच नव्हती, कारण करून घेणाराच मालक होता. तीच घड्याळं पुढे जुन्या बाजारात गेली, तिथून ऑनलाइन परदेशात. एचएमटीचा बंगळूरचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने उभा राहिला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कंपनी गेली तशी 'जनता'ची, 'पायलट'ची मागणी वाढली, आणि कारखान्याने कधी बनवलेच नाहीत अशा केशरी-पोपटी रंगांचे पायलट बाजारात दिसू लागले. ज्या हाताने लग्नासाठी डायल नवी केली त्याच हाताचं कसब मधल्या दलालाने 'मूळ' म्हणून विकलं. कारागिराला मिळाली मजुरी. बदनाम झालं शहर.

आणि मार बसतो तो प्रामाणिक माणसाला. आपल्या उपनगरांत स्टेशनबाहेर, जिन्याखाली, दोन बाय तीनच्या काचेच्या पेटीमागे बसणारे घड्याळजी अजून आहेत. बरेचसे दिवसभर सेल बदलून आणि पट्टे लावून पोट भरतात. त्यांच्याकडे जे हातातलं ज्ञान आहे त्याला आज जगात गिऱ्हाईक आहे. पण 'मुंबई' शब्द ऐकून ते गिऱ्हाईक पळतं.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथांची व्याख्या आहे. त्यात जुना, वापरलेला, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं स्पष्ट शब्दांत दिलंय. नवा माल जुना म्हणून विकणं असं वेगळं कलम नाही, कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही ते आलं नसणार! पण मालाचा दर्जा, प्रकार, मॉडेल याबद्दल खोटं सांगणं त्याच व्याख्येत बसतं, म्हणजे सुटका नाही. आणि डायलवर कंपनीचं नाव परवानगीशिवाय छापून विकणं हा तर ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची तक्रार आता तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते, विक्रेता दिल्लीचा असो नाहीतर जयपूरचा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा. एक अडचण आहे, विकणारा धंदेवाईक असायला लागतो. शौकीन म्हणून घरून एखादं घड्याळ विकणारा या कायद्याच्या चिमटीत सहजी येत नाही, तिथे फसवणुकीची पोलीस तक्रारच उरते. आणि उडालेल्या रंगाची तक्रार घेऊन चौकीत गेलात तर काय चेहरे होतील ते मी सांगत नाही, वीस वर्षं चौक्यांच्या पायऱ्या चढतोय.

म्हणून माझी मागणी कायद्याची नाही, कागदाची आहे. विकणाऱ्याने बिलावर किंवा निदान मेसेजमध्ये चार ओळी लिहाव्यात. डायल मूळ की रंगवलेली. काटे मूळ की बदललेले. बेझल मूळ की नवीन, आणि रंग उन्हाने उडाला की ब्लीचने. मशीन त्याच मॉडेलचं की दुसऱ्याचं. बस. संग्रहालयात जुनं चित्र किंवा मूर्ती दुरुस्त करतात तेव्हाही भरलेला भाग मूळ रंगाशी जुळवतातच की, पण काय केलं त्याची नोंद ठेवतात. घड्याळाला वेगळा न्याय कशाला? ब्लीच केलेलं बेझल 'ब्लीच केलेलं' म्हणून योग्य भावात घ्यायला लोक तयार आहेत. मीसुद्धा घेईन, दिसतं छान. आणि घेणाऱ्यानेही विचारायला लाजू नये. 'सगळं ओरिजिनल आहे ना' असं विचारलं की 'हो' येतंच. 'काय काय बदललंय, लिहून द्या' म्हटलं की खरा माणूस लिहितो, दुसरा विषय बदलतो.

एक गोष्ट तब्येतीची. रंग उडवायच्या नादात काही जण जुन्या काट्यांवरचा अंधारात चमकणारा लेप खरवडून नवा भरतात. आपण गाडीच्या नंबरप्लेटवरच्या चमकत्या स्टिकरला 'रेडियम' म्हणतो त्यात रेडियम नसतं, पण साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच घड्याळांत खरंखुरं असायचं. लेपाची चमक कधीच संपली, किरणोत्सर्ग संपला नाही. त्याचा अर्धा जोर ओसरायलाच १६०० वर्षं लागतात. ती पूड नाकातोंडात जाणं वाईट. घरच्या टेबलावर असलं काही करू नका.

आता कपाटवाल्यांसाठी. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, घाटकोपरच्या पंतनगरात, मुलुंड-बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत पुनर्विकास सुरू आहे, लोक घरं रिकामी करतायत. एलबीएस रोडच्या कारखान्यांतून, रेल्वेतून, बेस्टमधून निवृत्त झालेल्या माणसांची घड्याळं पोटमाळ्यावरच्या डब्यांतून बाहेर येतायत. आमच्या शेजारच्या मावशींच्या दारात असाच एक घेणारा आला होता. "डायल डागाळलीय, रंग गेलाय, दीडशे देतो." मावशी द्यायला निघाल्या होत्या, त्यांच्या सुनेने अडवलं. डागाळलेली, रंग गेलेली पण कोणी हात न लावलेली डायल, हेच तर शौकीन शोधत असतो, आणि तेच त्या माणसाने खोट म्हणून सांगितलं.

तेव्हा घड्याळ सापडलं तर पॉलिशला देऊ नका, डायल 'जरा नवी' करून घेऊ नका, कडा घासू नका. दोन वेगवेगळ्या घड्याळजींना दाखवा आणि मगच काय ते ठरवा. बंद असेल तर जोर लावून चावी देऊ नका, आतलं तेल सुकलेलं असतं, आधी साफ करून घ्या. आणि घरात कोणाला आठवत असेल तर ते कधी घेतलं, कोणी दिलं, कुठल्या नोकरीत हातावर होतं, हे एका कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवा.