लेखणीला सोबत हवी

आपल्या गांवांतील कांहीं भगिनी स्त्रियांचें एक लेखनमंडळ चालवितात, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. पंधरा दिवसांतून एकदां, शनिवारीं दुपारीं, त्या एकत्र जमतात. प्रत्येकीनें लिहून आणलेलें वाचावें, इतरांनीं तें ऐकावें व समजलें नाहीं तें विचारावें, एवढाच या मंडळाचा क्रम. जिला लिहितां येत नाहीं तिचें बोलणें एखादी शिकलेली मुलगी उतरून घेते. या साध्या उपक्रमावर दोन आक्षेप ऐकूं येतात. बायकांजवळ लिहिण्याजोगें असें काय असणार, हा पहिला. जिला लिहावयाचें तिनें घरीं बसून लिहावें, त्यासाठीं मंडळ कशाला, हा दुसरा. दोहोंचाहि शांतपणें विचार होणें अवश्य आहे.

पहिल्याचें उत्तर इतिहासानेंच दिलेलें आहे. सन १८५५ मध्यें मुक्ताबाई नांवाच्या मांग समाजांतील एका लहान विद्यार्थिनीनें मांगमहारांच्या दुःखांविषयीं लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रांत प्रसिद्ध झाला. फुले दांपत्याच्या शाळेंत ती शिकली होती. तिच्याजवळ ना पदवी होती, ना ग्रंथसंग्रह. आपल्या लोकांनीं जें सोसलें तेंच तिनें लिहिलें, आणि तो निबंध १७० वर्षांनंतरहि वाचला जातो. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालीं निघाल्या. शिकण्यापायीं घरांतल्याच बायकांचे टोमणे कसे सोसावे लागले, हें त्यांत आहे. लक्ष्मीबाई टिळक यांना तर शाळा ठाऊक नव्हती. तरी १९३४ पासून भागशः निघालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ महाराष्ट्र अद्यापि आवडीनें वाचतो. या दोघींनीं मुख्यतः आपला संसारच सांगितला. तेव्हां ‘लिहिण्याजोगें काय’ हा प्रश्न पुन्हा विचारण्याचें कारण उरत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लेखन हें एकांताचें काम, असें आपण मानतों. परंतु आपल्याकडील स्त्रियांची किती तरी रचना एकांतांत झाली नाहीं. ती जात्यावर झाली. पहांटे दोघी समोरासमोर बसत आणि एकच खुंटा दोघींच्या हातीं असे. एकीनें ओवी म्हणावी, दुसरीनें ती उचलून पुढें न्यावी; माहेर, सासुरवास, भाऊ, लेक, पंढरीची वाट, सारें त्यांत यावें. सानेगुरुजींनीं अशा ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलें. पुढें हेमा राईरकर, गी पॉइटवाँ व त्यांचे सहकारी यांनीं खेडोपाडीं फिरून लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. मग पिठाची गिरणी आली व जातें अडगळींत गेलें. हातांचे कष्ट वांचले, हें उत्तमच झालें. पण समोर बसून ऐकणारी सोबतीणहि त्याबरोबर गेली, आणि तिची जागा रिकामी राहिली. लेखनमंडळ ती जागा भरूं पाहत आहे.

ही जागा रिकामी राहिली म्हणजे काय हानि होते, तें खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांच्या उदाहरणावरून ध्यानांत येईल. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवि होते. घरच्यांनीं गाणीं उतरून ठेवलीं, म्हणून १९५१ सालीं बहिणाबाई वारल्यावर पुढच्याच वर्षीं तीं पुस्तकरूपानें लोकांपुढें आलीं. ज्या घरीं कोणी सोपानदेव नव्हते, त्या घरांतील गाणीं कोठें गेलीं? तीं पोरकीं झालीं, आणि तीं होतीं हेंहि आज कोणास सांगतां येणार नाहीं.

पुरुष लेखकांना अशी सोबत फार पूर्वींच मिळाली. मराठी ग्रंथकारांचें पहिलें संमेलन १८७८ सालीं पुण्यास भरलें. त्याच्या अध्यक्षपदीं पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, १९६१ सालीं ग्वाल्हेरीस बसली; म्हणजे मध्यें ८३ वर्षें गेलीं. २०२५ पर्यंत हा मान मिळालेल्या स्त्रिया सहाच. इतक्या वर्षांत गुणी स्त्रिया नव्हत्या असें कोण म्हणेल? माझ्या मतें त्यांना सभा नव्हती, श्रोते नव्हते, आणि घरकामांतून सुटलेला वेळ तर नव्हताच.

मंडळासहि एक सूचना करावीशी वाटते. एकमेकींची नुसती वाहवा करून लेखन सुधारत नाहीं. जेथें शब्द उसना वाटेल तेथें मैत्रिणीनें तसें सांगावें, व ऐकणारीनें राग धरूं नये. दुसऱ्याच्या घरचें गुपित मात्र वहींत येऊं नये, एवढा विवेक अवश्य ठेवावा.

उरलेलें काम तुमचें आमचें आहे. गृहस्थहो, पंधरा दिवसांतील एक दुपार घरांतील बाईला मोकळी द्या आणि ‘आज काय लिहिलें?’ असें कौतुकानें विचारा. विद्यार्थ्यांनो, त्या दुपारीं धाकट्या भावंडांना तुम्ही सांभाळा. तुमच्या आजीला लिहितां येत नसेल तर एक कोरी वही घ्या, तिच्याजवळ बसा, आणि ती जसें बोलेल तसेंच, तिच्याच शब्दांत, उतरून घ्या. तिची भाषा सुधारूं नका. हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं. येत्या सुटींतच तें हातीं घ्या.